दगड, हाडं, चुंबक : सहावीच्या उजळणीच्या नोंदी

सोमवार, 26 फेब्रुवारी 2024

सहावीचा पट 14, आज हजर 13. वार्षिक परीक्षेआधी तीन धड्यांची उजळणी मार्चमध्ये संपवायची आहे : भूगोलातला खडकांचा, विज्ञानातले अस्थिसंस्थेचा आणि चुंबकाचा. आज तोंडी घेतलं. अग्निज खडकाचं उदाहरण? तेरा जणांनी एका सुरात "बेसाल्ट". हाडं किती? "206." चुंबकाचे सजातीय ध्रुव? "दूर ढकलतात." इतकी चोख उत्तरं आली की उजळणीची गरजच नाही असं वाटावं.

मग मैदानाच्या कुंपणातला एक दगड उचलून टेबलावर ठेवला. हा कोणता खडक? सगळे गप्प. शेवटी एकजण म्हणाला, "बाई, हा दगड आहे. खडक नाही." पुस्तकातला बेसाल्ट आणि कुंपणातला दगड एकच, हे जून ते फेब्रुवारी मी एकदाही दाखवलं नव्हतं. चूक माझीच.

ठरवलं की रिकाम्या जागा भरायच्या शेवटच्या आठवड्यात. तोवर वस्तू हातात घेऊनच बोलायचं. तीन धड्यांना तीन वह्या नकोत, एकच जाड वही, आणि ती रोज वेगळ्या मुलाने लिहायची. या नोंदी माझ्या.

मंगळवार, 27 फेब्रुवारी

मराठी भाषा गौरव दिन. कार्यक्रम, भाषणं, खाऊ. उजळणी शून्य.

बुधवार, 28 फेब्रुवारी

विज्ञान दिन. प्रत्येकाने घरून किंवा वाटेवरून दोन वेगळे दगड आणायचे होते. 31 आले, कारण काहींना दोनावर थांबवेना. व्हरांड्यात ओळीने मांडले. आम्ही वाईच्या बाजूचे, त्यामुळे ओळ बहुतेक काळीच. त्यात पांढऱ्या ठिपक्यांचे पाच, स्पंजासारखे भोकाभोकांचे दोन. पाचगणीला मावशी असलेल्या मुलीने आणलेला जांभ्याचा एक तांबडा तुकडा, आणि एका घराच्या बांधकामातून उरलेला संगमरवराचा कोपरा.

आजचा गुरू मी नव्हते. ज्याचे वडील खडी क्रशरवर आहेत तो मुलगा एरवी वर्गात तोंड उघडत नाही. आज त्याने डबर म्हणजे काय, खडी कोणती, कच कोणती हे हातात घेऊन सांगितलं. त्याचे आजोबा विहिरी खणायचे. विहिरीत वरून खाली काय लागतं, हे त्याने फळ्यावर काढलं : माती, मग मुरूम, मग मांजऱ्या (भोकाभोकांचा, ठिसूळ दगड), मग काळा पाषाण. "पाषाण लागला की सुरुंगाशिवाय होत नाही. पाणी मांजऱ्यातूनच पाझरतं," असंही वर. मी त्याच चित्राशेजारी पुस्तकातले शब्द लिहिले. काळा पाषाण म्हणजे बेसाल्ट, आणि मुरूम म्हणजे ऊनपावसाने कुजलेला, विदारण झालेला बेसाल्टच. ज्याला 'विदारण' शब्द तीन वेळा घोकूनही येत नव्हता, त्याच्या घरी ती गोष्ट दोन पिढ्या कुदळीने खणली जाते आहे.

मग मूळ गोष्ट सांगितली. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी इथे जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि लाव्हा थरावर थर पसरला. आजही जवळपास 5 लाख चौरस किलोमीटरवर तो आहे. आपले घाट पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात ते या थरांमुळे. भोकं म्हणजे लाव्हा थिजताना आत अडकलेले वायूचे बुडबुडे. पांढरे ठिपके म्हणजे त्याच भोकांत नंतर झिरपलेल्या पाण्याने साठवलेली खनिजं. "म्हणजे जाळीदार घावनासारखं," असं एकीने म्हटलं. यापेक्षा चांगली उपमा मला सुचली नसती.

शुक्रवार, 1 मार्च

लिंबाचा दिवस. पोषण आहाराच्या ताईंकडून सहा लिंबं घेतली.

काल घरी ओट्यावर कापलेलं लिंबू राहिलं आणि काळ्या कडप्प्यावर पांढुरका डाग उमटला. सासूबाई गेली पंधरा वर्षं हेच सांगतात. तेव्हा लक्षात आलं की हा डाग वर्गात न्यायचा.

मुलांना आधी विचारलं, कडप्पा कोणता खडक? "काळा आहे, म्हणजे बेसाल्ट." चौदाच्या चौदा फसले. फरशीवाल्याकडून कडप्पा आणि शहाबादीचे फुटके तुकडे आणले होते. खिळ्याने खरवडून थोडी पूड काढायची, तिच्यावर लिंबाचा थेंब टाकायचा आणि भिंगातून बघायचं. नुसत्या गुळगुळीत फरशीवर थेंब टाकला तर फार काही दिसत नाही, पूड हवीच. हे मला दोन थेंब वाया गेल्यावर कळलं. शहाबादीवर बारीक बुडबुडे आले. कडप्प्यावर आले. संगमरवरावर आले. काळ्या पाषाणावर काही नाही, थेंब तसाच बसून राहिला.

चुनखडकावर आंबट पडलं की बुडबुडे येतात. तर काळा कडप्पा हा चुनखडक, म्हणजे गाळाचा, स्तरित. शहाबादीही चुनखडक. संगमरवर म्हणजे उष्णता आणि दाबाने रूपांतरित झालेला चुनखडकच. तीन वेगळे रंग, एकच लिंबू. रंगावरून खडक ओळखायचा नाही, हे वाक्य मी लिहून दिलं नाही. वहीत त्या दिवशीच्या मुलाने स्वतः लिहिलं : "काळा दिसला म्हणून आपला समजू नये."

दोन गोष्टी हिशोबाबाहेरच्या घडल्या. एक, पांढऱ्या ठिपक्याच्या एका काळ्या दगडावर ठिपका फसफसला, दगड नाही. तो ठिपका कॅल्साइटचा, म्हणजे चुनखडकात असतं त्याच खनिजाचा निघाला. बाकीच्या चारांचे ठिपके ढिम्म. दोन, मी मोठ्या खात्रीने खडूवर थेंब टाकला, कारण खडू म्हणजे चुना असंच मी लहानपणापासून धरून चालले होते. काही झालं नाही. संध्याकाळी वाचून खात्री केली, हल्लीचे बरेच खडू जिप्समचे असतात. उद्या मुलांना सांगायचं.

सोमवार, 4 मार्च

खडूची चूक कबूल केली. मुलांना फार आनंद झाला.

आज दोन काचेच्या बरण्या ठेवल्या. एकीत व्हिनेगर, दुसरीत साधं पाणी, दोन्हींत कोंबडीच्या तंगडीचं एकेक स्वच्छ धुतलेलं हाड. वर्गात दोघी माळकरी घरच्या. त्यांना हात लावायला सांगितलं नाही. बरणीवर तारखा घालणं आणि रोजची नोंद त्यांनी आपणहून मागून घेतली. आठवडाभराने बघायचं. कोणाला काय वाटतं ते चिठ्ठीवर लिहून घेतलं : नऊजण म्हणतात "हाड विरघळेल", तिघं "काही होणार नाही", एकजण "लोणचं होईल". एक गैरहजर.

मंगळवार, 5 मार्च

हाडं मोजली. आपापली, चाचपून. 206 हा आकडा घोकलेला असतो, पण तो कुठे कुठे वाटला गेलाय ते कोणी सांगत नाही. एका हाताच्या पंजात मनगटासकट 27, एका पावलात घोट्यासकट 26. दोन्ही हात, दोन्ही पावलं धरून 106. अर्ध्याहून जास्त हाडं चार टोकांना! यावर वर्ग पाच मिनिटं स्वतःची बोटं वाकवत बसला. मग विटीदांडू खेळताना काय काय वाकतं, यावर वाद. खांदा उखळीचा सांधा, कोपर बिजागरीचा. दाखवायला दाराची बिजागरी आणि स्वयंपाकघरातलं उखळ-मुसळ दोन्ही हजर होतं.

नुकत्याच जन्मलेल्या बाळाला सुमारे 300 हाडं असतात हे सांगितल्यावर "मग उरलेली कुठे पडतात?" असा प्रश्न आलाच. पडत नाहीत, एकमेकांना जुळतात. ज्याच्या घरी तीन महिन्यांची बहीण आहे त्याने टाळूवरची मऊ जागा सर्वांना वर्णन करून सांगितली.

गुरुवार, 7 मार्च

आजचा दिवस माझ्या फजितीचा.

शाळेच्या विज्ञान पेटीत चार पट्टीचुंबक आहेत, अर्धा लाल, अर्धा निळा. लाल टोक उत्तर. एक दोऱ्याने खिडकीत टांगला. तो उत्तरेकडे न जाता खिडकीच्या गजाकडे वळला आणि तिथेच चिकटला. बरं, गज लोखंडी. मग लोखंडी कपाट, लोखंडी बाक, सगळ्यांपासून लांब म्हणून मैदानात चिंचेखाली गेलो आणि फांदीला टांगला. हेलकावे थांबायला दोन मिनिटं लागली. थांबला तेव्हा लाल टोक दक्षिणेला.

"बाई, उलटा आहे." मी म्हटलं, वाऱ्याने फिरला असेल. पुन्हा. पुन्हा दक्षिण. मी म्हटलं, दोऱ्याला पीळ असेल. दोरा बदलला. पुन्हा दक्षिण. तोवर मुलांनी बाकीचे तीन टांगले होते. दोघांची लाल टोकं उत्तरेला, दोघांची दक्षिणेला. तेरा जोड डोळे माझ्याकडे. पुस्तकात लाल म्हणजे उत्तर, मी वर्षभर तेच सांगितलं, आणि दोन चुंबक माझं ऐकायला तयार नाहीत.

पेटी उघडून बघितलं. चारही एकमेकांवर कसेही टाकलेले, मध्ये लाकडी चिपा नाहीत, टोकांना लोखंडी पट्ट्या नाहीत. असे सजातीय ध्रुव एकमेकांशी दाबून वर्षानुवर्षं पडले, आपटले की स्वस्तातला चुंबक मलूल होतो, कधी जोरदार शेजाऱ्यामुळे उलटाही होतो. किंवा पेटी आली तेव्हापासूनच रंग उलटा दिलेला असेल. ते आता कळायचं नाही.

एकाने घरच्या मोडक्या स्पीकरमधली काळी चकती आणली होती. दणकट चुंबक. तिच्या एका बाजूने दोन्ही उलट्या चुंबकपट्ट्या एकाच दिशेने पन्नासेक वेळा घासल्या. एक सुलटली. दुसरी हट्टी, तिच्यावर लाल-निळ्याच्या जागा बदलून नवा रंग द्यायचा ठरलं. मोबाईलवरचा होकायंत्रही बाकाजवळ नेला की भरकटतो, हे मुलांनी माझ्याच फोनवर शोधून दाखवलं.

शनिवार, 9 मार्च

काल महाशिवरात्र. कृष्णेकाठच्या देवळात गेलेल्या चौघांनी येताना वाळू आणली, ओंजळभर, फडक्यात बांधून. सांगितलं नव्हतं कोणी. चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून वाळूतून फिरवायचा, म्हणजे कण सोडवताना पिशवी उलटी केली की झालं. पिशवी न घातलेल्या चुंबकाचे केस अजून निघालेले नाहीत.

काळे बारीक कण चुंबकाच्या टोकाला दाढीसारखे उभे राहिले. "लोखंडाचा कीस नदीत कोणी टाकला?" कोणी नाही. बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट नावाचं लोहाचं खनिज बारीक बारीक असतं. दगड झिजतो, हलकं वाहून जातं, जड काळे कण मागे साठतात. मग 28 तारखेचे सगळे दगड चुंबकाला लावून बघितले. चिकटत एकही नाही. पण दोऱ्याने टांगलेल्या पट्टीजवळ हळूच नेला की दोन-तीन काळ्या दगडांनी ती जराशी ओढली. जांभ्याने अजिबात नाही, आणि जांभ्याचा तांबडेपणा तर लोहाचाच! इथे सगळे अडले. सोमवारवर ढकललं.

सोमवार, 11 मार्च

वर्गात शिरल्याशिरल्या वास. पाण्याच्या बरणीतलं हाड सडलं होतं. झाकण सैल राहिलं होतं आणि मुंग्यांना ते कळलं होतं. तुलनेसाठी दुसरी बरणी ठेवायची असते, ती इतकी तुलना करेल असं वाटलं नव्हतं. बाहेर पुरली. माळकरी मुलींनी तरीही शांतपणे लिहिलं : "पाणी गढूळ. वास येतो. मुंग्या 20 पेक्षा जास्त."

व्हिनेगरमधलं हाड मात्र बघण्यासारखं. धुऊन पुसलं. आकार तोच, रंग जरा पिवळट. क्रशरवाल्याच्या मुलाने दोन्ही टोकं धरून वाकवलं आणि ते रबरासारखं वाकलं. मोडलं नाही. सोडल्यावर पुन्हा सरळ. वर्गात एक मोठा "आईगं" उमटला. मधोमध अजून थोडं कडक आहे, तिथवर आम्ल पोचलेलं नाही, म्हणून व्हिनेगर बदलून पुन्हा ठेवलं.

हाडाला कडक करतात ते कॅल्शियमचे क्षार. लिंबाने शहाबादीवर जे केलं तेच सावकाश व्हिनेगरने हाडाला केलं. उरतं ते चिवट प्रथिन. उलटं पाहायचं तर चुलीत पडलेलं हाड आठवा, एकीने लगेच सांगितलं, "ते पांढरं होतं आणि बोटाने भुगा होतो." आगीने चिवटपणा जाळला, क्षार उरले. पुस्तकात हाड 'कठीण' आहे, एवढंच लिहिलेलं असतं. ते कठीण आणि चिवट दोन्ही असतं म्हणून चिंचेवरून पडल्यावर आपण बहुतेक वेळा उठून चालू लागतो.

"लोणचं होईल" वाल्याने आपलं उत्तर सगळ्यांत जवळचं होतं असा दावा केला. मान्य केला.

मंगळवार, 12 मार्च

काल आठवड्याची निळी गोळी वाटली. लोह आणि फॉलिक ॲसिडची. आज एकाने खिशातून ती काढली, गिळली नव्हती. चुंबकाला चिकटते का बघायला ठेवली होती. चिकटली नाही. आधी रागावले, समोर बसवून जेवणानंतर घ्यायला लावली, मग मनात म्हटलं, प्रश्न चांगलाच आहे.

"लोह आहे म्हणता, मग चिकटत का नाही?" त्यावर दुसरा, "रक्तात पण लोह असतं ना? मी गुडघ्याच्या खपलीला चुंबक लावला, काही झालं नाही." आणि शनिवारचा जांभा पडूनच होता. तिन्ही प्रश्न एकच.

गंजलेल्या पत्र्यावरचा गंज कागदावर खरवडला. पत्रा चुंबकाला घट्ट, गंजाची पूड जवळपास जागची हलत नाही. लोह तेच, पण गंजात ते ऑक्सिजनबरोबर बांधलं गेलं. जांभ्याचा तांबडा रंग त्याच जातीचा. खिळ्यातले लोहाचे अणू परिपाठाच्या रांगेसारखे एका दिशेला तोंड करून उभे राहू शकतात, म्हणून चुंबक त्यांना ओढतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्ये लोहाचा अणू एकेकटा, स्वतंत्र खोलीत बसलेला. रांग लागतच नाही. गोळीतलंही तसंच.

मोठ्या माणसाच्या अंगात सगळं मिळून लोह 3 ते 4 ग्रॅम. बाजारच्या दिवशी एकीने वडिलांबरोबर जाऊन सोनाराच्या काट्यावर अडीच इंची खिळा वजन केला होता : 4 ग्रॅमला थोडा कमी. तो खिळा आज हातोहात फिरला. "एवढंच? आणि एवढ्यासाठी दर आठवड्याला गोळी?" या एवढ्याशानेच फुप्फुसातला ऑक्सिजन पायाच्या अंगठ्यापर्यंत जातो. आणि हे लोह ज्यांच्यात असतं त्या रक्तातल्या लाल पेशी तयार होतात कुठे? हाडांच्या आतल्या लाल मज्जेत. तेव्हा परवाचं हाड पुन्हा चर्चेत.

गोळीबरोबर चहा नको, लिंबू-आवळा चालेल, हेही सांगितलं. चहाने लोह नीट शोषलं जात नाही. घरी आयांना सांगायला दोघींनी लिहून नेलं.

गुरुवार, 14 मार्च

आज अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेची गोष्ट. मला स्वतःला ती फार आवडते, त्यामुळे तास लांबला.

मुंबईत कुलाब्याला 1841 पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी घेत. पुढे घोड्यांच्या ट्राम विजेवर चालवायचं घाटत होतं. विजेच्या तारा आल्या की सुया थरथरणार, नोंदी बिघडणार. तेव्हाचे संचालक नानाभाई मूस यांनी जागा शोधली ती समुद्रापलीकडे अलिबागला. 1904 मध्ये तिथे काम सुरू झालं, आणि जुन्या-नव्या नोंदींचा सांधा जुळावा म्हणून 1906 पर्यंत दोन्ही ठिकाणी एकदम मोजमाप केलं. विजेची ट्राम मुंबईत धावली 1907 मध्ये. शंभरहून जास्त वर्षं झाली, अलिबागला नोंदी अजून चालू आहेत.

"इमारत कशाची बांधली असेल?" असं विचारलं. लोखंड नको, एवढं सगळ्यांनी सांगितलं. खिळे, कड्या, बिजागऱ्या? "तांब्या-पितळेच्या." आणि दगड? कोकणात जांभा, वर काळा पाषाण, हवा तेवढा दगड उशाला. तरी तिथे पोरबंदरहून दगड आणला. का?

थोडा वेळ गेला. मग ज्याने वाळू आणली होती तो उभा राहिला : "बाई, आपल्या दगडात ते काळे कण आहेत." बस. मी खडू खाली ठेवला.

शनिवार, 16 मार्च

आजपासून आचारसंहिता. निवडणुकीचं प्रशिक्षण कधीही लागेल. घाई करायला हवी.

बुधवार, 20 मार्च

लेखी उजळणी, 25 गुण. 14 पैकी 11 जणांना 18 च्या वर. फेब्रुवारीतल्या तोंडीपेक्षा आकड्यात हे कमीच आहे, तेव्हा सगळेच पैकीच्या पैकी होते. पण रिकाम्या जागा या वेळी फक्त पाच होत्या. बाकी सगळं टेबलावर : तीन दगड, एक लिंबू, एक चुंबक, ओळखा आणि कसं ओळखलं ते लिहा. एकाने कडप्प्याला पुन्हा बेसाल्ट लिहिलं, मग लिंबू टाकून खोडलं. खोडाखोडीचे गुण कापले नाहीत.

दोघांना अजून रूपांतरित आणि स्तरित यांत गोंधळ. त्यांना पाटी दाखवायची राहिली. जुनी दगडी पाटी कोणाच्या माळ्यावर असेल तर मागवायची. चिखलाच्या थरांचा शेल हा स्तरित खडक, तो रूपांतरित होऊन ती होते, समोर धरली की कळेल.

शुक्रवार, 22 मार्च

होळी रविवारी, त्यामुळे वर्ग अर्धा लाकडं गोळा करण्यात. हजर 9.

शेवटचा तास. पेटी लावायची होती. चुंबक जोडीजोडीने, एकाच्या उत्तरेशेजारी दुसऱ्याची दक्षिण, मध्ये लाकडी चीप, टोकांना लोखंडी पट्ट्या. हट्टी चुंबकावरचा नवा रंग अजून बोटाला लागतो.

हात चालू असताना एक राहिलेली गोष्ट सांगितली. लाव्हा थिजून थंड होताना त्यातल्या मॅग्नेटाइटच्या कणांचं चुंबकत्व त्या वेळच्या उत्तर-दक्षिणेप्रमाणे लागतं आणि तसंच राहतं. म्हणजे प्रत्येक थरात एकेक होकायंत्र गोठलेलं. आपल्या दख्खनच्या कित्येक थरांत ते आजच्या उलटं आहे, कारण पृथ्वीचं चुंबकत्वच तेव्हा उलटं होतं. असं ते अनेकदा उलटलंय, शेवटचं सुमारे 7.8 लाख वर्षांपूर्वी.

क्रशरवाल्याच्या मुलाने रंगाने बरबटलेला हात थांबवला. "म्हणजे बाई, तो चुंबक चुकलेला नव्हता. जुना होता."

हे वाक्य वहीत कोणी लिहायचं यावरून भांडण झालं. दोघांनी लिहिलं. व्हिनेगरमधलं हाड आता मधोमधही वाकतं, ते सातवीच्या वर्गाने मागितलंय, सोमवारी धुळवडीची सुट्टी म्हणून मंगळवारी द्यायचं. कडप्प्याचे तुकडे फरशीवाल्याला परत करायचे आहेत. सहा लिंबांचे पैसे ताईंना द्यायचे राहिलेत.